टेकायची सायकल

तुम्ही सायकलीचं विचारलंत म्हणून सांगतो. अर्धांगाच्या झटक्यानं बायकोचा डावा पाय कमजोर झाला. डॉक्टर म्हणाले, घरात व्यायामाची सायकल आणा. शिरूरच्या दुकानात दोन तऱ्हेच्या होत्या. एक नेहमीसारखी उंच. दुसरी खुर्चीसारखी, पाठ टेकून पाय पुढं मारायची.

पोरगा म्हणाला, "आई, टेकायचीच घेऊ."

ती म्हणाली, "जलमभर ह्यांच्या मागं कॅरियरवर बसले. आज सीटवर बसू दे."

आम्ही दोघांनी तिला उंच सायकलीवर बसवलं. डावा पाय पायडलवरून घसरतच राहिला. शेवटी तीच म्हणाली, "उतरवा मला. ती खुर्चीचीच घ्या."

मी म्हणालो, "आणखी एकदा बघ की."

"न्हाई हो. तवा लोक हसतील म्हणून शिकले न्हाई. आता कुणी हसत न्हाई, तर पाय ऐकत न्हाई."