वहिनीचा कोरा शर्ट

मी माणगावच्या पलीकडच्या खेड्यातला, घरची भातशेती थोडकी, आणि आमचा दादा पेंटर, म्हणजे भिंतीवर खताच्या, सिमेंटच्या जाहिराती रंगवणारा, तर मीपण त्याच्याच हाताखाली शिकलो. काय सांगू तुम्हाला, भिंतीवर सरळ रेघ मारायची तर गेरूत भिजवलेला दोरा लागतो, एक टोक दादाकडं, दुसरं वहिनीकडं, मधे मी तो ताणून सोडायचो की रेघ उमटायची. दादा काविळीनं गेला तेव्हा त्याचा निलेश पाळण्यात होता. तेरावं झालं नि वहिनीच म्हणाली, भावजी, काम सोडू नका, दोरा मी धरते. आणि धरला तिनं, कितीतरी वर्षं धरला. हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही म्हणाल, हा असा कसा माणूस.

मग फ्लेक्स आले नि भिंती गेल्या. मी स्टँडजवळ गाळा घेतला, टी-शर्ट छापायचं मशीन आणलं. आधी क्रिकेटवाल्यांचे छापले, पण ती पोरं एकदा घेतात नि तोच फाटेस्तोवर घालतात. मग ध्यानात आलं, हळदीला सगळे पिवळे कपडे घालतातच, तर पाठीवर नातं का छापू नये? नवऱ्याचा मामा, नवरीची आत्या, करवली. एकाला मिळालं की दुसरा रुसतो, रुसला की त्याचापण छापावा लागतो. मी बायकांनाच गाठायचो, कारण यादी त्या करतात, पुरुष नुसती साइज सांगतात नि तीपण चुकीची. पार चौल, रेवदंड्यापर्यंत माझे पिवळे शर्ट गेले.

तर निलेशचं लग्न ठरलं. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला हाय. त्यानं यादी मोबाईलवर पाठवली, चाळीस जणांची, नि सगळ्यात वर, नवऱ्याची आई, एक्सएल. आता आमच्यात विधवा बाई हळद लावत न्हाय, आईच्या जागी काकी बसते, म्हणजे माझी बायको. पूर्वी अशी बाई मागं चुलीपाशी असायची, कुणाच्या ध्यानातपण यायचं न्हाय. पण पाठीवर नवऱ्याची आई घेऊन ती मांडवात फिरली तर भावकीतले म्हातारे काय म्हणतील, नि म्हातारे राहू देत, खरं सांगतो, मला भीती गिऱ्हाइकांची, मांडवातल्या सगळ्या बायका माझ्याचकडं छापून घेणाऱ्या. मला कुणी सांगितलं न्हाय हो, छापू नको म्हणून. कुणीच न्हाय. ती ओळ मीच खोडली. शर्ट तेवढा दिला, कोरा.

वहिनीनं तो उलटून पालटून बघितला. भावजी, माझ्या पाठीवर काय न्हाय ते? मी म्हटलं, शाई संपली. शाईची अख्खी बाटली फळीवर होती. निलेशनं विचारलं, त्यालाही तेच. वहिनी म्हणाली, व्हय, एवढी माणसं म्हटल्यावर संपायचीच, नि साडीवर शर्ट चढवून कामाला लागली.

हळदीला निलेशच्या कामावरची माणसं आली होती. कोण कुणाचं ते त्यांना पाठ वाचूनच कळायचं. वहिनी मांडवाच्या कडेला उभी राहून बघत होती, तर त्यांच्यातला एक म्हणाला, मावशी, तुम्ही केटरिंगवाल्या ना, जरा पाणी आणा इकडं. तिनं आणलं. तांब्या नि पेले घेऊन सगळ्या रांगेला दिलं. मी चार हात लांब उभा, माझ्या पाठीवर नवऱ्याचा काका. एवढंच बोलायचं होतं, की अहो ही त्याची आई. न्हाय बोललो. का न्हाय बोललो ते मला अजून कळत न्हाय. बोललो असतो तर शाईचं खोटं उघडं पडलं असतं म्हणून, की नुसताच शरमलो म्हणून?

यंदा लावणीला ती तोच शर्ट साडीवर घालून शेतात. रस्त्यावरनं जाताना दिसते, वाकलेली, पिवळी कोरी पाठ. काटकसर म्हणून घालते, की मला दिसावा म्हणून घालते? बायको म्हणते, तुमचं काहीतरीच, चिखलात काय लग्नातली पैठणी नेसून जाईल ती?

आता दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न हाय. तिनं यादी लिहिली, पहिली ओळ, नवरीची मोठी आई. वहिनीला ती लहानपणापासून मोठी आईच म्हणते. हे वहिनीच्या कानावर गेलं असणार. परवा बांधावर भेटली नि म्हणाली, यंदा शाई हाय ना, भावजी? हसली न्हाय, रागावली न्हाय, आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी उचलून पुढं गेली. तेव्हापासून माझं डोकं चालत न्हाय. तिला तेव्हाच कळलं होतं, की आपलं साधं विचारलं?

शर्ट छापून ठेवलाय, गाळ्यातच पडलाय. नुसता नेऊन दिला तर पहिलं खोटं तसंच राहतं, नि तोंडानं सांगायला गेलो की पाऊल उंबऱ्याशी अडतं. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही हे लिहून घेतलंय ते मासिकात छापून झालं की एक प्रत मला द्या, वहिनीला वाचता येतं. आधी हे तिच्या हातात देईन, मग शर्ट. तिनं घातला तर तिचे उपकार. न्हाय घातला तर तो कोरा हायच तिच्याकडं, मग मीपण त्या दिवशी कोराच घालीन, नवरीचा बाप असलो तरी. आणि कुणी म्हटलं, अहो काका, जरा पाणी आणा, तर आणीन.