उणे बावन्नात बंद केलेली गाडी

हॅलो?… हॅलो, आकुलीना? अगं, बोल ना… हो, मीच, प्रोकोपी. याकुत्स्कच्या हॉस्पिटलात माझा फोन दुसरं कोण उचलणार?… खाल्लं. ओटची खीर. खीर कसली, खळ म्हण. येताना गोठवलेला मासा आण, तासून खाऊ…

काय?… घोडी बंद? आपली व्हॅन?… पडली नाही? मग?… तू केलीस? अगं बाई! उणे बावन्नात? इंजिन गोठू नये म्हणून ऑक्टोबरपासून एक मिनिट थांबवली नव्हती तिला! तीस वर्षं खिडकीखालच्या घरघरीवरून माझं डोकं खाल्लंस, पण किल्लीला कधी हात लावला नाहीस…

नाही, ओरडत नाहीये. हे बघ, हळू बोलतोय. रडू नकोस, पापण्या चिकटतील. फोन टोपीच्या आत धर, नाहीतर तोही गारठून मरेल… हां.

पण कशाला बंद केलीस?… काल फोन आला होता? कुणाचा?… डॉक्टरबाईंचा? तुला?… हो, सिग्नल अंगणातच मिळतो, म्हणून घोडीत बसलीस… इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. म्हणून किल्ली फिरवलीस… आणि मग?… नुसती बसून राहिलीस. अशा थंडीत, वेडाबाई…

आकुलीना. काय म्हणाल्या त्या?… नाही, आधी हे सांग. गाडी कुठे पळून जात नाही…

'घरी न्या.'… आणि ऑपरेशन?… 'आता उपयोग नाही.' असं म्हणाल्या?

…

आहे, आहे. फोन चालू आहे. ऐकतोय मी… नाही गं, मला वाटलंच होतं. परवापासून नर्स माझ्याशी फारच गोड बोलतेय. मी खळ सांडली तरी हसते… तू का माफी मागतेस? तू काय केलंस?

बरं, ऐक. मला घरी न्यायला कोण येणार? तूच ना? मग घोडी उठायला हवी की नको?… डोळे पूस. झालं?… बॅटरी कुठेय?… रात्रभर चुलीपाशी ठेवलीस? आणि आता परत बसवलीस? एकटीने? वा गं माझी वाघीण!… आणि ब्लोलॅम्प? ऑइल वितळायला, इंजिनाच्या चेंबरखाली?… पहाटेपासून? इंजिनावरची गोधडी बाजूला केलीस ना? पेटेल हं… शाब्बास. आता ऑइलची काडी ओढ. थेंब पडतोय?… पडतोय? मग झालं काम.

शेजारच्या फेद्याला कशाला बोलावतेस? त्या पोराला बटणांच्या गाड्या कळतात. आणि… तुलाच यायला हवं हे. पुढच्या हिवाळ्यात… नाही, तसं नाही म्हणत… हो. तसंच म्हणतोय. ऐक ना, राणी. ऐक.

लॅम्प विझव. गिअर न्यूट्रलला आहे ना?… हँडल घे, पुढून इंजिनात घाल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलभोवती गुंडाळू नकोस. उलटा झटका बसला तर मोडेल… माझा मोडला होता, तू हसली होतीस… हसलीसच! आता फिरव. सावकाश… जड लागणारच. अजून दोनदा… सैल झालं? चल, आत बस. क्लच पूर्ण दाब, चोक ओढ, फोन सीटवर टाक. मी ऐकतोय. मार किल्ली…

…हं… खोकली. थांब, थांब! पुन्हा लगेच नको, दम खाऊ दे तिला. तूही खा… आणि हे बघ, लेना नदीच्या बर्फावर चढलीस की पट्टा काढ, दाराची कडी सैल ठेव, बर्फ फुटलाच तर उडी मारता यायला हवी. मध्ये कुठे थांबू नकोस… माहितेय तुला, माहितेय. तरी मी सांगणारच.

हां, मार… मार… सोडू नकोस… पकडतेय, पकडतेय… उठली! अगं, उठली! ऐकू आलं मला! काय गरजतेय बघ रांड!… आकुलीना?… हॅलो?… मला तुझं ऐकू येतंय, 'काय, काय' करतेयस. माझं येत नाही?… अगं, बंद नको करूस! मुळीच नको! राहू दे तसंच…

खरंच येत नाही?

…मला भीती वाटते गं. रात्रभर वाटली. या खोलीत इतकं शांत आहे की झोपच लागत नाही. मला तुझ्या शेजारी झोपायचंय. माझ्यामागे तू एकटी त्या अंगणात, हातात हँडल घेऊन… ते डोळ्यांसमोरून जात नाही. तू फार आवडतेस मला, आकुलीना. कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं…

काय?… काही नाही!… काही नाही म्हटलं!… म्हटलं, चोक आत ढकल!… चोक! चोक!… हां.

ढकललास?… मग नीघ आता.