काठीवरच्या दोन खुणा

...नाही नाही, तिथून ओढू नको, फाटेल! शीड आहे ते, चादर नाही. आधी गच्चीभर पसर. हां. आता ही काठी त्याच्या बाहीतून घाल — शर्टाच्या बाहीत हात घालतोस ना, तसं. हळू रे, म्हातारं झालंय ते. माझ्यापेक्षा बरं टिकलंय म्हणा. अरे-तुरे करते हां, माझ्या केतनच्या वयाचा तू. त्यानेच फोटो टाकला ना मोबाईलवर? मला वाटलेलं भंगारवालाच येईल — आणि तू आलास थेट मुलुंडहून, जुने बोर्ड जमवणारा! खरं सांगू, तू पहिला माणूस, ज्याने हे बघून 'हे काय?' विचारलं नाही. वॉचमनने विचारलं, सेक्रेटरीने विचारलं, पोटच्या पोराने विचारलं — 'आई, हे काय?' म्हटलं, विंडसर्फिंग रे बाबा, फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्याबरोबर सुटायचं. 'उभं कोण राहायचं?' मी! तुझी आई! हसला गाढव. त्याला मी फक्त कुकरपुढे उभी राहिलेली माहितीये ना.

कॉलेजात नेव्हल एनसीसीला होते मी. बोटी, शीड, सगळं तिथे शिकले. मग नोकरी लागली आणि एक परदेशी इंजिनिअर देश सोडून चालला होता, त्याच्याकडून हे घेतलं. बाबा म्हणाले, एवढ्यात सोनं आलं असतं, लग्नात उपयोगी पडलं असतं. — पडलं असतं, नाही कोण म्हणतं? पण सोन्यावर उभं राहून गोराईच्या खाडीबाहेर जाता येतं का? ठेवायचं गोराईलाच, धोंडू कोळ्याच्या पडवीत. रविवार आला की मी आणि क्षमा, माझी धाकटी बहीण, बोरीवलीहून रिक्षा, मग होडी, की पलीकडे. ती आपली वाळूत बसायची, माझ्या चपला सांभाळत. तिला पाण्याची भीती. अख्ख्या घराला माहीत — क्षमा म्हणजे बादलीला घाबरणारी. आम्ही किती चिडवायचो तिला! लग्न झालं तरी मी जायचेच. आमचे हे काही बोलायचे नाहीत, किनाऱ्यावर पेपर वाचत बसायचे. भला माणूस.

— अरे, शिडातली ती पट्टी उलटी घातलीस, जाड टोक बाहेर. हां, अस्सं.

मग केतन झाला. मी माहेरी, बाळंतीण, आणि हे एक दिवस तोंड पाडून आले. म्हणाले, कमल, तुझा बोर्ड गेला. उधाण आलं होतं, धोंडूच्या पडवीतनं पाण्याने ओढून नेला. काय रडले रे मी! माणूस गेल्यासारखी रडले. आईने दटावलं, अंगावर पोर पितंय, दूध आटेल. एकटी क्षमा जवळ बसली, पाठीवरून हात फिरवत — 'ताई, समुद्राचं होतं, समुद्राने नेलं, जाऊ दे.' जाऊ दिलं. काय करणार? नोकरी, पोर, सासू, डबे — परत नवा कुठला आणायला? गोराईला गेलेच नाही त्यानंतर. धोंडू बाजारात भेटायचा मासे घेऊन, मान खाली घालायचा, वरती दोन बोंबील जास्त टाकायचा. मला वाटायचं, बिचारा, त्याच्या पडवीतनं गेला म्हणून लाजतो.

आणि आता ही बिल्डिंग पडणार, नवी होणार, म्हणून गच्चीवरच्या ह्या टाकीच्या खोलीतलं सामान काढलं — गणपतीचं मखर, फुटके माठ, त्याच्यामागे ताडपत्रीत गुंडाळलेला हा! खोलीची किल्ली कोणाकडे असायची? ह्यांच्याकडे, तेव्हा हेच सेक्रेटरी. ह्या भिंतीला टेकून मी उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायचे रे, आणि पलीकडे माझा बोर्ड! ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, भांडू कोणाशी? घरी गेले आणि फोटोवरचा हार काढून फेकला. मग बसून विचार केला — भित्रा माणूस. बायको ओली बाळंतीण, उद्या परत वाऱ्यावर सुटली आणि बुडाली तर? घाबरला असेल, म्हणून लपवला असेल. म्हणजे जीवच होता ना माझ्यावर? हार परत घातला. म्हटलं, देऊन टाकू आता कोणालातरी, खेळू दे त्याला. म्हणून तू इथे उभा आहेस.

चल, बूम बांध. हेच ते, धरायचं हँडल. काठीला दोरीने आवळायचं, आपल्या खांद्याइतक्या उंचीवर. मोजायची गरज नाही, माझ्या दोरीने घासून काठीवर पांढरी गोल खूण पडलेली असेल, तिथेच बांध. सापडली? — दोन? दोन कशा असतील? मी उंची कधी बदलली नाही. सरक, बघू दे.

ही वरची माझी. माझ्या खांद्याला लागते बघ. पुसट झालीये. आणि ही खालची — हात लाव. नख अडकतं रे. वरच्याच्या दुप्पट खोल आहे. ही कोणाची? ह्यांची नाही, हे सहा फूट. धोंडूही उंच. चांगला वीतभर बुटका माणूस पाहिजे, आणि एक-दोनदा नाही, वर्षानुवर्षं — आणि हे ठिगळ कसलं शिडाला? माझ्या वेळी नव्हतं. जांभळं नायलॉन...

हा विंडचीटर आहे, कापून लावलेला. मीच आणला होता. पहिली नोकरी लागली तेव्हा क्षमाला आणला होता. माथेरानला हरवला म्हणाली.

थांब जरा, बसू दे मला. — नको, पाणी नको. जर्मनचा क्लास! दर रविवारी जर्मनचा क्लास असायचा तिचा. इतकी वर्षं शिकली आणि एक वाक्य बोलली नाही कधी, आम्ही म्हणायचो ढ आहे. आणि मी, मी शहाणी तिला सांगायचे, काळवंडलीस किती, क्लासला जाताना छत्री नेत जा! धोंडू लाजत नव्हता, त्याला माहीत होतं. बोर्ड त्याच्याच पडवीत होता, इथे मागाहून आणून ठेवला. सगळ्यांना माहीत होतं. — तसलं काही नाही रे, तू नको तसा बघूस. ह्यांचं आणि तिचं तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर कपाळावर हात मारून, शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्यांनी माझा समुद्र काढून घेतला आणि माझ्या बहिणीला दिला. ती सडीफटिंग, तिच्यामागे कोणी रडायला नाही, मला पोर आहे — असंच ठरवलं असेल दोघांनी, चहा पीत. मग तिची भीती नाही वाटली? ती बुडाली असती तर चाललं असतं? आणि ती! माझ्या पाठीवर हात फिरवत होती, तेव्हा माहीत होतं तिला.

लिफ्ट आली. तीच असेल, जेवायला यायचीये. तिला एवढंच सांगितलंय की गच्चीवर ये, सामान काढतेय. तू गप्प उभा राहा. नुसतं बघ, ती काय विचारते.

ये गं. डबा ठेव तिथे कठड्यावर. — काय झालं? दारातच का थांबलीस? ये की, ऊन आहे. ह्याला बोर्ड हवाय म्हणून शीड लावून दाखवत होते.

विचार ना. वॉचमनने विचारलं, सेक्रेटरीने विचारलं, केतनने विचारलं. तू नाही विचारत, 'ताई, हे काय?' वाहून गेलेला बोर्ड गच्चीवर कुठून आला, एवढं तरी विचार.

क्षमा, विचार गं. खोटं विचार, पण विचार.

...

तू निघ रे आता. नाही, द्यायचा नाहीये बोर्ड. फोनही करू नको परत. आणि जाताना गच्चीचं दार ओढून घे.