नमुना बिघडेल

लिफ्टसमोर तिघी उभ्या होत्या: मुलाखतीला आलेली मुलगी आणि त्याच कंपनीतल्या दोघी, एक थोरली, एक नवखी. कंपनीनेच बनवलेली ती लिफ्ट बटणांवर नव्हे, आवाजावर चालायची. जिन्याला रंग लागत होता. मुलाखत पाचव्या मजल्यावर, दहा मिनिटांत होती.

"पाच," नवखी म्हणाली. दार हललं नाही.

"उगाच घसा कोरडा करू नकोस," थोरली म्हणाली. "कोणी दादा येईल, तो बोलेल."

"ताई, तुम्ही रोज अशाच थांबता?"

"दोन वर्षं झाली."

"बनवताना बायकांचे आवाज नाही घेतले?"

"चाळीस आवाज घेतले, सगळे पुरुषांचे. नोंदवायला मीच होते. म्हटलं, माझाही घ्या. तर म्हणाले, नमुना बिघडेल."

"आणि तक्रार?"

"केली की. उत्तर आलं, शंभरातल्या त्र्याण्णव जणांचं लिफ्ट ऐकते, आणखी काय हवं?"

"मग उरलेले सात?"

"शंभरात आपण सातच आहोत, बाई."

मुलीने घड्याळ पाहिलं.

"मुलाखत ना गं? कुठल्या टीमची?" थोरलीने विचारलं.

"आवाज ओळखणाऱ्या."

"बरं. मग सर्दी झालेल्या काकांसारखं बोल, उघडेल. मी नाही बोलत तसं. पण मला मुलाखत नाही."

मुलगी स्वतःच्या आवाजात तीनदा "पाच" म्हणाली. दार तिन्ही वेळा बंद राहिलं. चौथ्यांदा ती काकांच्या आवाजात म्हणाली. दार उघडलं.