आक्काची बुगडी

माजं माहेर पान्याखाली हाय. सुप्याचं धरन झालं तवा आमचं गाव बुडालं, आमाला ट्रकात घालून रामनगरला आनून सोडलं. मी लहान हुते, परकरातली, आनि माजी आक्का माज्यापेक्षा थोरली, तिनं मला मांडीवर धरलेलं, तिचीच मांडी आठवती, आयेची न्हाई. आये म्होरं डायवरजवळ बसून रडत हुती. आक्का म्हनजे इंदू. माजं नाव सुभद्रा. बाबांनी गाव सोडायच्या आधी आक्कासाठी एक जोड बुगडी करून ठेवली हुती, सुप्याच्या बाजारात एकच सोनार बसायचा, त्याच्याकडनं. मोत्याची, वरच्या कानात घालायची. माज्यासाठी केली न्हाई, तेवढ्यात गावच ऱ्हायलं न्हाई. त्या सोनाराकडं एकच ठसा हुता, हे ध्येनात ठेवा, मी ते ध्येनात ठेवलं न्हाई.

रामनगरात बाबांनी मिळंल ते काम केलं, आनि आमा दोघी भैनींना कुंभारवाड्याकडं रानात दिलं. लोक म्हनायचे, रस्त्याच्या गावातल्या पोरी, आनि रानात काय दिल्या. पन आमचं बरं चाललं. भात, थोडी सुपारी, पावसाळा सरला की जंगल खात्याच्या रोपवाटिकेत काम. माजं घर आनि आक्काचं घर ह्यात एक वहाळ आनि एक चढ, एवढंच. कोनाचे कंद उकरले की तिच्याकडनं मला, फणस काढला की माज्याकडनं तिला. भावजी माज्याशी कमी बोलायचे, पन वहाळाला पानी आलं की हात धरून पलीकडं न्यायला यायचे. आक्काचा लेक परशू, त्यो शिकून गोव्याला कामाला गेला, तवापासनं ती दोघंच त्या घरात.

आनि तिथंच दोघांना मारलं. काय सांगू तुमाला, त्ये मी जास्त सांगत न्हाई. सकाळी दूध न्यायला मी गेले, गाय दाव्याला तशीच वरडत हुती, दार उघडं. आक्का चुलीपाशी. भावजी मागल्या दारी. अंगावरचं सोनं न्हाई, गळ्यात न्हाई, कानात न्हाई. मी वरडले का न्हाई त्येबी आठवत न्हाई, वहाळापलीकडनं लोक आले म्हनजे वरडलेच आसंन.

पोलिसांनी धाकूला धरलं. धाकू म्हनजे आमच्याच खालच्या वाडीतला, सावत्री म्हातारीचा एकुलता एक, झाडावर चढायच्या कामाचा, सुपारी उतरायला, मध काढायला सगळे त्यालाच बोलवायचे. त्याचं आनि भावजींचं बैलावरनं वाजलं हुतं, धाकूचा बैल भातात शिरला म्हनून. त्यो रागानं म्हनला हुता, बघून घेतो. चार मानसांनी ऐकलं. रागानं कोन काय म्हनत न्हाई सांगा, मीच माज्या मालकाला किती येळा म्हनले आसंन. पन तवा त्ये सगळ्यांना पटलं, मलाबी पटलं. आनि त्याच्या घरात, वर कौलाच्या खाली, एक बुगडी गावली. एकच. मोत्याची.

मला स्टेशनात बोलावलं वळखायला. फडक्यावर पाच-सहा बुगड्या मांडल्या हुत्या. बाकीच्या कोऱ्या, चकचकीत, दुकानातनं आनल्यासारख्या, जुनी एकच. मी तिच्यावर बोट ठेवलं. आता मला कळतंय, आंधळ्यानंबी तीच उचलली आसती. फौजदारानं इचारलं, नक्की? मी म्हनले व्हय. तुमी म्हनाल तिनं खोटं सांगितलं. खोटं न्हाई हो. मला ती आक्काचीच दिसत हुती. मला तवा सगळीकडं आक्काच दिसत हुती.

पुढं जिल्ह्याच्या कोर्टात. सावत्री म्हातारी उभी ऱ्हाऊन सांगत हुती, ती बुगडी माजी हाय, माज्या बानं केलेली, दुसरी मी धाकूच्या बाच्या आजारपनात मोडली. कोन ऐकनार, तिचाच लेक. मग मला पिंजऱ्यात बोलावलं. जजसायबांनी कन्नडात इचारलं, ही तुमच्या आक्काचीच काय? मी म्हनले हौदु, म्हनजे व्हय. धाकू माज्याकडं बघत हुता. पोलिसांनी मारल्यावर त्यो कबूल झाला हुता म्हनत हुते, पन कोर्टात त्यानं मान हलवली, न्हाई न्हाई न्हाई, नुसती मान. मी त्याच्याकडं बघून आनखी एकदा म्हनले, हौदु. कुनी इचारलं न्हवतं दुसऱ्यांदा. मीच म्हनले.

फाशी झाली. म्हनजे फाशीची शिक्षा. पेपरवाले आले, मी म्हनले आज माज्या आक्काला शांती मिळाली, आनि मी साखर वाटली. कोर्टाच्या पायरीवर. सावत्री तिथंच खाली बसली हुती भिताडाला टेकून, साखर वाटनाऱ्या एका बाईनं तिच्यापुढंबी हात केला, वळखत न्हवती ती. आनि म्हातारीनं हात पसरला. काय चाललंय त्येच तिला कळत न्हवतं. साखर हातावर घेऊन तशीच बसली. ही साखर मला आजबी जेवू देत न्हाई बघा. चहा मी बिनसाखरेचा पिते, डाक्टरनं सांगितलं म्हनून पिते असं लोकांना सांगते.

धाकूला जेलात ठेवला, वरच्या कोर्टानं शिक्का मारला की लटकवनार म्हनत हुते. त्यात वरसं गेली. परशूनं आईचं घर इकायचं ठरवलं, त्या घरात त्याच्या बायकोला रातीचं ऱ्हावत न्हवतं. मी म्हनले आधी आवरून तरी घे. माळ्यावर भाताची कणगी हुती, जुनी, बांबूची, त्यात बियाचं भात तसंच पडलेलं, उंदरांनी खाऊन निम्मं केलेलं. मी आनि परशूची बायको आमी उपसाय लागलो. तळाला फडक्याची गाठ गावली. सोडली. आत बुगड्यांचा जोड. दोन्ही. एकीची फिरकी मोडलेली.

तिथंच मला आठवलं. शिमग्याला आक्का म्हनाली हुती, सुभे, बुगडीची फिरकी मोडलीय, एक घालून कशी हिंडू, दोन्ही काढून ठेवल्यात, रामनगरला गेलीस की सोनाराला दाखव. मी म्हनले बरं. ह्या कानानं ऐकलं हुतं. त्यो शिमगा झाला नि मग दोघांना मारलं. कानात बुगडी न्हवती कारन तिनंच काढून ठेवली हुती. मग धाकूच्या घरातली कुनाची? म्हातारीची. ती पयल्यापासनं सांगत हुती त्येच. त्याच सोनाराची, त्याच ठशाची, तिचं माहेरबी आमच्यासारखंच पान्याखाली गेलेलं.

परशूला दाखवलं. त्यानं गाठ परत बांधली. मग म्हनला, मावशी, हे काळी नदीत टाकून ये. मी म्हनले अरे तुला कळतंय का काय म्हनतोयस. त्यो म्हनला, मला कळतंय, तुला कळत न्हाई, हा सुटला तर माज्या आई-बाला कुनी मारलं? कुनीच न्हाई? परत पयल्यापासनं? आता कोन शोधनार हाय? निदान एक मानूस आत हाय म्हनून मला झोप लागती. आनि रडाय लागला. त्याला मी वाईट म्हनू शकत न्हाई. माजीबी झोप त्याच उशीवर हुती.

काळीत टाकलं न्हाई. पन लगेच गेलेबी न्हाई, त्येबी ऐका. लावनीचं दिवस हुते, मी म्हनले लावनी होऊ दे. लावनी झाली, म्हनले पाऊस लई हाय, बस न्हाई. मालक बघत हुते. मी भाकरी थापायची, नि थापता थापता थांबायची. शेवटी त्येच म्हनले, तू जातीस का मी जाऊ.

गेले. सावत्री परसात कोनाचे कंद उकरत हुती, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बुगड्या हातावर ठेवून दाखवल्या, म्हनले, ह्या आक्काच्या, घरातच गावल्या. तिनं बघितलं. बुगड्यांकडं न्हाई, माज्याकडं. आनि चिखलाच्या हातानं माज्या मुस्काटात दिली. परत दिली. मी हालले न्हाई, मला वाटत हुतं आनखी देऊ दे. पन ती थांबली, पदरानं माजं तोंड पुसलं, आपल्या पोराचं पुसतात तसं रागारागानं, आनि म्हनली, त्याला लटकवला न्हाई न्हवं अजून? मी म्हनले न्हाई. मग चल की, म्हनली, उबी काय ऱ्हायलीस, कुटं जायचं?

धारवाडला गेलो दोघी. सरकारनं धाकूला दिलेली वकीलबाई तिथं, आमच्या लेकीच्या वयाची. बुगड्या बघून ती खुर्चीवरनं उठलीच. मग दार लावून मला म्हनली, काकू, तुमी आधी शपथेवर एक सांगितलंय, आता दुसरं सांगनार, तुमच्यावरबी येऊ शकतं, घरी इचारून या. मी म्हनले घरच्याच मानसानं मला इथं धाडलंय. सावत्री कोपऱ्यातनं म्हनली, तिला काय बी हुईत न्हाई, तू लिव.

बोलावलं मला वरच्या कोर्टानं, परत शपथ. जजसायब म्हातारे हुते, रागवले न्हाईत. रागवले आसते तर बरं हुतं. त्यांनी इचारलं, मग तवा व्हय का म्हनलात? मी म्हनले, सायब, मला कुनीतरी पायजे हुता. त्यांनी लिवायचं थांबवलं. मग म्हनले, बसा.

धाकू सुटला. बुगडी गेली तशी बाकीच्या पुराव्यांचीबी वीन उसवली, म्हनली वकीलबाई. पन सावत्रीला त्ये दिसलं न्हाई. निकालाच्या आधीच्या पावसात ती गेली, तापानं. मी जात हुते तिच्याकडं, पेज घेऊन. कदी प्यायची, कदी तोंड फिरवायची. शेवटी शेवटी मला इंदू म्हनून हाक मारायची, माज्या आक्काच्या नावानं, आनि मी ओ द्यायचे.

धाकू आला त्यादिवशी मी त्याच्या दारात गेले. केस पांढरे. पाया पडनार हुते, वयानं मी मोठी तरी पडनार हुते, त्यो मागं सरकला. म्हनला, आयेला अग्नी कुनी दिला? मी म्हनले वाडीतल्यांनी, माज्या मालकांनी लाकडं तोडली. त्यो बरं म्हनला. एवढंच. मग हातोडी घेऊन घराच्या दाराच्या बिजागऱ्या काढाय लागला. दार काढून परसात टाकलं, तिथं कुजलं त्ये. आमच्याकडं अस्वल हिंडतं, बिबट्या हिंडतो, ह्यो मानूस दाराबिगर झोपतो. झाडावर चढत न्हाई आता. हात कापतात.

आनि ज्यानं मारलं त्यो कुटंतरी हाय, न्हाईतर मेला आसंन. सापडला न्हाई. परशू माज्याशी बोलत न्हाई. पोराचं लगीन केलं, मला बोलावलं न्हाई.

आता हे अलीकडचं. तालुक्यात त्या पोरीला मारलं, तुमाला म्हाईतच हाय, तुमी त्याचंच लिवायला फिरताय. एकाला धरलाय. पोरांनी जोयड्याला मोर्चा काढला, फाशी द्या, फाशी द्या, आनि माज्याकडं आले, आज्जी तुमी चला, तुमच्या घरात खून झालाय, तुमचं बोलनं लोक ऐकतील. त्यांना निम्मीच गोष्ट म्हाईत. मालक म्हनले जाऊ नको. मी गेले.

माईक हातात दिला. त्या पोरीची आये पुढंच बसली हुती, डोळे असे, कोरडे. मी तिच्याकडंच बघून बोलले. म्हनले बाई, तुला जे वाटतंय त्ये सगळं मला वाटलंय. मीबी फाशी मागितली, मिळालीबी. ज्याला मिळाली त्यानं काय बी केलं न्हवतं. म्हाताऱ्या जजनं माजं ऐकलं म्हनून त्यो जिता हाय, आनि आधीच्या जजनं माजं ऐकूनच त्याला मरन दिलं हुतं. त्याला लटकवून झाल्यावर मला त्या बुगड्या गावल्या आसत्या तर मी कुनाच्या दारात गेले आसते? मागनं एक पोरगा वरडला, तुमच्या घरातलं कुनी मेलं आसतं तर? मी म्हनले मेलंय, आक्का मेली माजी. मग माईक बंद केला कुनीतरी. शिव्या दिल्या न्हाईत, खोटं कशाला सांगू. पन त्या पोरीची आये उठून निघून गेली, माज्याकडं न बघता. तिचंबी बरोबर हाय. मी तिला काय दिलं? काय बी न्हाई. तिच्या हातातलं काढूनच घेतलं.

फाशी नसावीच, असं मला म्हनता येतंय का? आक्काला मारनारा आज माज्याम्होरं आला तर मी काय म्हनंन, मला म्हाईत न्हाई. खरंच न्हाई. मला एवढंच म्हाईत हाय की मी व्हय म्हनले हुते, आनि माजं व्हय खरं वाटत हुतं. सगळ्यांना वाटत हुतं.

परत येताना कुंभारवाड्याची बस गच्च भरलेली. मी खिडकीला बसले हुते, शेजारची जागा मोकळी, मोर्चाची बायकामानसं चढत हुती पन माज्याशेजारी कुनी बसंना. शेवटी धाकू चढला. त्यो जोयड्याला आला हुता हे मला म्हाईत न्हवतं, मोर्चा बघितला का माजं बोलनं ऐकलं, मी इचारलं न्हाई. उबा ऱ्हायला थोडा वेळ दांडी धरून. मग म्हनला, मावशी, सरक जरा. मी सरकले. सुटून आल्यावर पयल्यांदा मावशी म्हनला. त्याची वाडी आली, उतरला, चालत गेला, वळून बघितलं न्हाई.

माफ केलं असं मी म्हनत न्हाई. दुसरी जागा न्हवती, पाय दुखत आसतील, म्हनून बसला आसंन. बसला, एवढंच. त्याला लांब आयुष्य मिळू दे, तेवढं देवाकडं मागते रोज, माज्यासाठी मागायला तोंड न्हाई मला. तुमी चहा घेतलाच न्हाई, गार झाला बघा. थांबा, दुसरा ठेवते.