वैरागचा कार्बोरेटर

जुन्या मोटारसायकलचं वेड काय असतं, ते मला विचारा. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. मी आणि माझा मित्र दत्ता, आम्ही सोलापूरच्या भंगारातून महायुद्धाच्या काळातली एक लष्करी गाडी उचलली होती. बाकी सगळं जमलं, पण कार्बोरेटर काही मिळेना. वर्षभर हिंडलो. शेवटी कळलं, वैरागला हौसाबाई म्हणून आहेत. त्यांचे यजमान लष्करात ड्रायव्हर होते आणि तशीच गाडी वापरायचे.

यजमान वारले होते, गाडीही विकलेली. पण बाईंनी कपाटातून फडक्यात बांधलेला जादा कार्बोरेटर काढला. दत्ताच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मावशी, काय द्यायचं?"

"पैसं नगंत. गाडी चालू झाली की हितं आणायची. मला एक चक्कर पायजे."

पंधरा दिवसांत गाडी फटफटली. आम्ही थेट वैराग गाठलं. दत्ता उतरला. मी म्हणालो, "बसा मावशी, मागं."

"मागं? तू सरक मागं!"

मी निमूट सरकलो. नऊवारीतल्या बाईंनी पदर खोचला, एका किकमध्ये गाडी चालू केली आणि भर बाजारात घातली की हो! मी सीट घट्ट धरून ओरडतोय, "मावशी, ब्रेक! ब्रेक!"

पुढं भाजीवाल्या शांतपणे आपापल्या पाट्या उचलून बाजूला होत होत्या. कुणी दचकलंसुद्धा नाही.

बाई मान वळवून हसल्या. "ब्रेक कशाला रं? गावाला माझी सवय हाय की!"