दोन्या त्रान्सितोच्या घरची विद्यार्थिनी

‘यजमान कुटुंब विद्यार्थ्याची प्रत्येक चूक तत्काळ सुधारते,’ असे केत्साल्तेनांगो शहरातील, परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणाऱ्या एका शाळेचे माहितीपत्रक निःशंकपणे सांगते. ते लिहिणारा कधी कोणाच्या घरी जेवला नसावा, अशी निवृत्त प्राध्यापक एवारिस्तो यांची जुनी शंका होती. दुपारी तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानापुढील रांगेत त्यांच्यापुढे त्या शाळेतील शिक्षिका ओफेलिया यजमानीण दोन्या त्रान्सितो यांना जाब विचारत होत्या.

“त्रान्सितोबाई, इंग्रिड तुमच्या घरी राहायला येऊन दहा दिवस झाले. काल चार वाक्यांत सात चुका केल्या, आणि वर हसते!”

“गोडच आहे हो पोर. जेवून उठताना सगळ्यांचे आभार मानते, आमच्या मांजराचेसुद्धा.”

“मांजर राहू द्या. शुक्रवारी परीक्षा आहे. पास झाली तरच डोंगरातल्या दवाखान्यात सेवेला जाता येईल. त्यासाठीच तर आलीय ती.”

“तिकडे थंडी फार.”

“अहो, नॉर्वेची आहे ती!”

“आणि घेवडा कोण शिजवून घालेल? आत्ता कुठे दुसऱ्यांदा मागायला लागलीय.”

“विषय बदलू नका. तिच्या चुका सुधारता की नाही?”

“नाही सुधारत. चुकली की मी म्हणते, शाब्बास, अगदी बरोबर. पास झाली तर सोमवारी जाईल ना ती.”